सोय, एस्तोय

गोकुळपेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचा वर्ग.
फ्रान्सिस मॅडम फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढतात.
डावीकडे सेर, उजवीकडे एस्तार.
दोघांचा अर्थ एकच: असणे.
मे महिना, कूलरच्या वाळ्याचा ओला वास,
मागून एक पोरगा, "मॅडम, एकानं काय बिघडत होतं?"

मी चव्वेचाळीसची, वर्गात सगळ्यांत थोरली.
कंपनीत चिलीचं डेस्क मिळालं
तर पगार नऊ हजारांनी वाढतो, म्हणून आले.

मुळात जे आहे ते सेर, सध्या जे आहे ते एस्तार.
वहीत लिहिलं: मूळ. सध्या.
लगेच फाटे फुटले.
झिरो माइलचा खांब जागचा हलत नाही,
तरी एस्तार, कारण ठावठिकाणा नेहमी उजवीकडे.
पण लग्न कुठे आहे विचारलं, तर सेर,
लग्न ठेवलेलं नसतं, घडतं.
आणि लग्न झालेल्या बाईला बहुधा एस्तार.
ह्यावर मॅडम हसल्या, एकट्याच.

सोय म्हणजे मी आहे.
बरं वाटलं; सोय आपल्याकडेही असते,
पाहुण्यांची, पाण्याची.
एस्तोय म्हणजेही मी आहे,
हा तर येतोय, बसतोय, निघतोयच्या घरातलाच,
शेपूट तेच.

मग मॅडमनी उदाहरण दिलं.
एस बोर्राचो: तो दारुडा आहे.
एस्ता बोर्राचो: तो प्यायलेला आहे.
माझं पेन थांबलं.

हेमराज, माझा धाकटा भाऊ,
कॉटन मार्केटमागे कूलरच्या जळक्या मोटरी
वाइंडिंग करून देतो.
अठरा वर्षं आई एकच वाक्य म्हणाली, तो दारुडा हाय.
शेजारी म्हणाले, व्याही म्हणाले,
दवाखान्याच्या फॉर्मवर मी स्वतः लिहिलं.
आमच्याकडे एकच आहे होतं, ते त्याच्या अंगावर घातलं,
मग ते निघेना.
उजवीकडे जागा होती, हे मला कुणी सांगितलंच नाही.

त्या रात्री गृहपाठाच्या वहीत दहा वेळा लिहिलं,
मि एर्मानो एस्ताबा बोर्राचो.
माझा भाऊ प्यायलेला होता.
पेन्सिलीने लिहिलं.

गेल्या शुक्रवारी त्याला सोडून वर्ष झालं.
मोहननगरला, शाळेच्या हॉलमध्ये बैठक,
अशा दिवशी घरच्यांना बोलावतात.
प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी कपात अतिगोड चहा.
तो उठला. इस्त्रीचा शर्ट, बोटांवर वार्निशचे डाग.
"माझं नाव हेमराज. मी दारुडा आहे."

वर्षभर थेंब नाही, आणि आहे?
मी खुर्चीतूनच त्याला खुणावत होते,
इकडे ये, अरे, उजवीकडे ये.
तो चाळीसेक माणसांसमोर
डावीकडेच उभा राहिला,
आणि ते सगळे म्हणाले, "नमस्कार, हेमराज."

परतताना स्कूटरवर मागे बसून सांगत होता,
"ज्या दिवशी 'होतो' म्हणीन ना, बाई,
त्या दिवशी पिईन.
ते 'आहे' मी सोडत नाही. त्याच्यावरच तर उभा हाय."
सोय, मी मनात म्हटलं.
त्याने स्वतःची केलेली.

शंकरनगरचा सिग्नल, नव्वद सेकंद.
पाय टेकून, मान न वळवता विचारलं,
"अन् आता कसा आहेस?"
बाजूच्या ऑटोचा हॉर्न, तापलेल्या डांबराची वाफ.
"जमवून राहिलो," तो म्हणाला.

पुण्याहून बदलून आलेली माझी साहेबीण
ह्याच बोलण्याला हसते.
येऊन राहिलो, करून राहिलो, काय हो तुमची भाषा!
हसू दे.
सोमवारी मी हात वर करणार आहे.
मॅडम, ते उजवीकडचं क्रियापद
आमच्याकडे राहते.